ही बोलणी आता ऐकून घ्यायची नाहीत



वाडी-तांड्यांच्या बैठकांत हल्ली आम्ही एक प्रश्न विचारतो. कचेरीतून घरी आल्यावर, भाकर मोडताना, कोणतं बोलणं आठवून जीव जळतो? दंड किती भरला हे माणसं विसरली आहेत. कुदळ-फावडं कोणत्या साली जप्त झालं, तेही सांगताना मागं-पुढं होतं. पण बोलणं कोणी विसरलेलं नाही. शब्दाला शब्द सांगतात. "अतिक्रमणवाले बाहेर थांबा." "ए बाबा, एकदा सांगितलेलं कळत नाही का?" "आदिवासी म्हणता अन् मराठी तर चांगलं बोलता की." "जंगल तुम्हीच खाल्लं." "आधी कागद आण, मग बोल."

कोणत्या कचेरीत, कोणत्या टेबलावर हे ऐकायला मिळतं ते इथं छापत नाही. थोडंथोडं सगळीकडंच आहे. फॉरेस्टात आहे, महसुलात आहे, बँकेत आहे, आठवडी बाजारात अन् शाळेच्या वर्गातही आहे. एखाद्या कारकुनाच्या जिभेशी आपलं भांडण नाही. बोलण्यानं काय अंगाला भोकं पडतात, असं काही शहाणे म्हणतील. भोकं पडत नाहीत, जमीन जाते. कशी जाते ते बघा.

पहिला शब्द ‘अतिक्रमण’. हा इतका अंगवळणी पडला की आपलीच माणसं म्हणतात, "माझं दोन एकर अतिक्रमण हाय." सोयरीक जुळवताना सांगतात, "पोराचं तीन एकर अतिक्रमण हाय, पोरगी उपाशी नाही राहायची." अतिक्रमण म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत घुसणं. इथं कोण कोणाच्या हद्दीत घुसलं? जिंतूरचा डोंगर निजामाच्या राज्यात होता. निजाम सरकारनं 1355 फसलीत, म्हणजे 1945 च्या सुमाराला, जंगलाचा कायदा केला. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामातून सुटला, 1956 ला मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्रात आला. राज्यं बदलली, गिरदावर आणि पेशकार हे निजामाचे शब्द तेवढे कचेरीत राहिले, आणि राहिल्या त्या नकाशावर ओढलेल्या रेघा. रेघ ओढताना कोणी वाडीत येऊन विचारलं होतं का, की बाबांनो, इथं कोणाचं वावर आहे, कोणाचा म्हसोबा आहे, कोणाची माणसं पुरलेली आहेत? न विचारता रेघ ओढली. रेघेच्या आत सापडला तो अतिक्रमणवाला झाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

हे आम्हीच म्हणतो असं नाही. 2006 साली संसदेनं वनहक्कांचा कायदा केला. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय, की सरकारी जंगलं ठरवताना इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही या लोकांचे हक्क नीट नोंदले गेले नाहीत, आणि त्यामुळं त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. दिल्लीनं अन्याय कबूल केला. तालुक्याच्या टेबलावर मात्र आपण अजून अतिक्रमणवालेच. त्याच कायद्यात आपल्यासाठी दुसरी नावं आहेत: वनात राहणारी अनुसूचित जमात, आणि इतर पारंपरिक वननिवासी. त्याच कायद्याच्या कलम 4 पोटकलम 5 मध्ये असंही आहे, की दाव्याची तपासणी अन् मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत वहिवाटीतल्या जमिनीवरून कोणाला उठवता येत नाही. ज्याला कायदा उठवू देत नाही, त्याला ‘अतिक्रमणवाला’ म्हणायचं म्हणजे उठवायची तयारी आधी तोंडानं करायची. गार्ड पेरणीच्या दिवसांत येतो तेव्हा हाच शब्द घेऊन येतो. चर खोदायला मजूर आणतो, रोपं लावतो, आणि विचारलं तर म्हणतो, "अतिक्रमण काढून राह्यलो." ‘दावेदाराला काढून राह्यलो’ असं म्हणायला त्याची जीभ रेटणार नाही. म्हणून म्हणतो, आपल्या तोंडातून हा शब्द आजपासून बंद. आपल्या भाषेत त्याला शब्द आहे, ‘वहिवाट’. माझी तीन एकर वहिवाट आहे, आजापासूनची आहे, 13 डिसेंबर 2005 च्या आधीची आहे. एवढंच सांगायचं.

दुसरं बोलणं, "कागद आण." हे ऐकून माणूस खाली मान घालतो, कारण पेटीत कागद नसतो. कुठून असणार? ज्यांनी नोंद केली नाही तेच नोंदीचा कागद मागतात. आणि जिथं जुने कागद आहेत तिथं ते उर्दूत आहेत, फसली सालाचे आहेत. मागणाऱ्यालाही ते वाचता येत नाहीत. तांड्यावरच्या बंजारा भावांना तर सांगतात, "75 वर्षांचा पुरावा आण." 2005 मधून 75 वर्षं मागं गेलं की 1930 साल येतं, म्हणजे 1340 फसली. ज्या माणसाला आज पोराच्या जन्माचा दाखला काढायला तीन खेपा पडतात, त्यानं 1340 फसलीचा कागद आणायचा! वर सांगतात, की त्याच तुकड्यावरची 75 वर्षांची वहिवाट दाखव. कायद्यात तसं नाही. तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, पाहिजेत ती जंगलात राहण्याची आणि जंगलावर पोट भरण्याची. तुकडा कसत असल्याची तारीख आदिवासीला आहे तीच बंजाऱ्याला आहे, 13 डिसेंबर 2005. हे दोन वेगळे मुद्दे एकात कालवून किती दावे बाद केले असतील ते त्यांनाच माहीत.

कागदाबद्दल नियम काय सांगतात ते प्रत्येक वनहक्क समितीनं पाठ करावं. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. तिच्यात घर-झोपडी आहे, बांधबंदिस्ती आहे, सपाट केलेलं वावर आहे, जुनी विहीर आहे, मसणवट आहे, देवाची जागा आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. यातले एकाहून जास्त पुरावे लागतात, म्हणजे दोन तरी जोडायचे. 2012 साली नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यात असं आलं, की वरच्या समित्यांनी अमुकच प्रकारचा कागद पाहिजे म्हणून अडून बसायचं नाही. दंडाची पावती नाही, अतिक्रमणाच्या जुन्या यादीत नाव नाही, एवढ्याच कारणावर दावा फेटाळता येत नाही. उपग्रहाचा फोटो दुसऱ्या पुराव्याच्या जोडीला चालतो, पुराव्याच्या जागी चालत नाही.

म्हणजे "म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी बोलण्याला काय धरायचं?" असं जो विचारतो, त्यानं नियम वाचलेले नाहीत किंवा वाचून लपवले आहेत. म्हाताऱ्याचं बोलणं लिहून घेतलं की कायद्यानं पुरावा होतं. साहेबांचं टेबलावरचं "होत नाही" मात्र न लिहिलेलं आहे, आणि ते कशातच धरायचं नाही.

"हा कायदा गडचिरोलीचा आहे, तुमच्याकडं लागू नाही." हे बोलणं फार गुळगुळीत आहे, कारण ते शांतपणे, समजूत घातल्यासारखं बोलतात. आपला माणूस परत फिरतो आणि गावात येऊन तेच चार जणांना सांगतो. यात अर्धं खरं मिसळलेलं आहे म्हणून ते पचतं. जिंतूर पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही. मराठवाड्यात तसं क्षेत्र म्हणजे किनवटकडचं. त्यामुळं 1996 चा पेसा कायदा आपल्याकडं लागत नाही, हे बरोबर. पण वनहक्क कायद्याचा पेसाशी संबंध लावायचं कारण काय? तो कायदा करताना जम्मू-काश्मीर सोडून सगळ्या देशाला लागू केला. जिंतूर काश्मिरात कधी गेलं? परभणी जिल्ह्यात जंगल थोडं, आदिवासी थोडे, म्हणून हे खपून जातं. थोडे आहेत म्हणून त्यांचा हक्क थोडा, असा काही कायदा नाही.

आता आपल्या नावाकडं येऊ. दाखल्यावर ‘आंध’ लिहिलेलं वाचून हसणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. "आंध म्हणजे काय, आंधळे का?" शाळेत मास्तर हसला की सगळा वर्ग हसतो. पोरगं घरी येऊन म्हणतं, मला नाही जायचं. एका अनुस्वाराच्या जागेवरून अख्ख्या जमातीची टिंगल करणाऱ्याला सांगा, की महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींची सरकारी यादी काढ. तिच्यात पहिल्या नंबरावर जे नाव आहे ते वाच. ते आमचं आहे. यादी उघडली की पहिल्याच ओळीत दिसतं. ज्याला तरी दिसत नाही त्यानं आंधळा कोण ते ठरवावं.

याच्याच जोडीचं दुसरं, "तुम्ही आदिवासी वाटत नाही." काय वाटायला पाहिजे होतं? डोक्यात पिसं? अंगाला पानं? सिनेमात पाहिलेला आदिवासी समोर उभा राहिला नाही की यांना आपण खोटे वाटतो. आंध मराठी बोलतात, धोतर-लुगडं नेसत आले, शेती करत आले. सालगडी म्हणून दुसऱ्याच्या वाड्यावर राबले, तिथल्यासारखे सण करायला लागले. त्यानं जमात पुसली जाते का? मराठी बोलतो म्हणून खोटा आणि मराठी येत नसती तर अडाणी. दोन्हीकडून मार आपल्यालाच. आणि पोरगं शिकून पँट-शर्टात कचेरीत गेलं की, "आता तर तुमचीच चैन आहे, सगळं फुकट मिळतं." फुकट काय मिळालं ते एकदा पाटीवर लिहून दाखवावं. डोंगर गेला, चराई गेली, टेंभुर्णीचं पान तोडलं तरी विचारणारा आला. उरलेल्या मुरमाट तुकड्यासाठी खेटे घालणाऱ्याला फुकटखाऊ म्हणायला मोठं काळीज लागतं.

‘जंगली’ ही शिवी तर जुनीच. तिला उत्तरही जुनं आहे. घटना समितीत 19 डिसेंबर 1946 ला झारखंडचे जयपालसिंग मुंडा बोलायला उभे राहिले आणि सगळ्या देशाच्या पुढाऱ्यांसमोर म्हणाले, की मी जंगली आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. नेहरू त्या घटना समितीचे सभासद होते, आणखी दहा दिवसांपूर्वीच तिचं काम सुरू झालं होतं. तिथं हे बोलायला छाती लागते. आपल्या पोरांना हे शाळेत कोणी शिकवत नाही, म्हणून इथं छापलं.

बायांना काय ऐकावं लागतं ते वेगळंच आहे. "बाई, तुझा माणूस कुठंय? त्याला पाठव." नवरा ऊसतोडीला गेलाय, किंवा वारलाय, किंवा सोडून गेलाय. बाई वावर नांगरते, राखते, पेरते, गार्डाशी भांडतेही तीच, पण टेबलापुढं ती कोणीच नसते. कायद्यानं नवरा-बायकोच्या दोघांच्या नावानं हक्क नोंदवायचा आहे, आणि घर चालवणारी एकटी बाई असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. वनहक्क समितीत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत असं नियमात आहे. तेव्हा मावशींनो, "माणसाला पाठव" म्हटल्यावर परत फिरू नका. "दावा माझा हाय, मलाच सांगा," म्हणा. आपल्या बैठकीतही बायांना मागं बसवून चहा करायला लावणारे आहेत, त्यांनीही हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आणि हे अरे-तुरे. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पंचविशीतला पोरगा "ए, तिकडं सरक" म्हणतो. तेवढ्यात मोटारसायकल लावून कोणी पांढऱ्या कपड्यातला आला की, "या, या भाऊ, बसा. चहा सांगू का?" मराठीत ‘तुम्ही’ हा शब्द आहे, तो या पोराला येतो, हे त्यानं आपल्या डोळ्यांदेखत दाखवून दिलं. भाषा येते, पण आपल्यासाठी काढत नाही. याला उपाय एकच. शांतपणे म्हणायचं, "साहेब, मी तुमच्या आजाच्या वयाचा हाय. तुम्ही म्हणा." आवाज चढवायचा नाही. चारचौघांत जातीवरून अपमान केला, धमकावलं, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. साक्षीदारांची नावं तिथल्या तिथं घ्यायची. पण प्रत्येक उर्मट बोलण्यावर तो कायदा लागत नाही, हेही ध्यानात ठेवा. उगीच धमकी दिली अन् नंतर गप बसलो तर आपलीच किंमत जाते.

"जंगल तुम्हीच खाल्लं." बरं. येलदरीला पूर्णा नदीवर धरण झालं, त्याच्या पाण्याखाली झाडं गेली की नाही? ते पाणी सिद्धेश्वरमधून कालव्यानं खाली सपाटीला गेलं, तिथं वावरं भिजली, शहरांना प्यायला मिळालं. चांगलं झालं, त्यांनाही पाणी पाहिजे. पण वरच्या वाड्यांतली बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन अजून किती लांब जाते ते विचारा. सागाच्या गाड्या कोणाच्या परवान्यानं गेल्या? आरा गिरण्या आपल्या वाडीत होत्या का? बाईच्या डोक्यावरची वाळल्या काड्यांची मोळी तेवढी नाक्यावर दिसते, आणि ट्रक दिसत नाही. कुंपणच शेत खातं म्हणतात, आणि दोष शेळीला.

आपल्या बाजूच्या लोकांबद्दलही एक बोलायचं आहे, राग आला तरी चालेल. शहरातून येणारे मित्र आपल्याला ‘भोळेभाबडे’ म्हणतात. प्रेमानं म्हणतात. पण भोळ्या माणसाचा व्यवहार दुसऱ्यानं बघायचा असतो. म्हणजे शेवटी सही तो करणार, बोलणी तो करणार, आणि आपण मागं टाळ्या वाजवणार. आणि पुढारी येतात ते ‘लाभार्थी’ म्हणतात. मांडव घालतात, हार घालतात, ‘पट्टेवाटप’ म्हणून कापडावर लिहितात, हातात कागद देऊन फोटो काढतात. वाटप कशाचं? आयजीच्या जिवावर बायजी उदार! कायद्याच्या नावातच ‘हक्कांची मान्यता’ असं आहे. जे आपलं आधीपासून आहे ते सरकारनं मानायचं, एवढंच. देणारा कोणी नाही, म्हणून घेणाराही लाचार नाही. लाभार्थी म्हटलं, की पाच एकराच्या वहिवाटीचा पाऊण एकर हातात पडला तरी माणूस पाया पडतो. "काही तरी मिळालं, गप बसा," हे त्यावरचं झाकण. मोजणीत कमी लागलेल्या जमिनीबद्दलही दाद मागता येते, हे त्या मांडवात कोणी सांगत नाही.

आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं बोलणं: "उद्या या." यात शिवी नाही, अपमान नाही, बोलणाराही कधीकधी हसून बोलतो. पण एका ‘उद्या’ला आपली एक मजुरी, येण्याजाण्याचं भाडं आणि एक उपास लागतो. दहा ‘उद्या’ झाले की माणूस म्हणतो, मरू दे तो दावा. तेच पाहिजे असतं. ‘उद्या या’, ‘वरून ऑर्डर नाही’, ‘फाइल परभणीला गेली’, ‘साहेब बदलून गेले’ यातल्या एकाही वाक्याखाली सही नसते, तारीख नसते. आणि तोंडी नकाराला अपील नाही. सगळी मेख इथं आहे. दावा फेटाळला किंवा कमी केला तर तो निर्णय कारणांसह दावेदाराला कळवायचा असतो, आणि कळल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागता येते. कळवलंच नाही, नुसतं बोलून हाकललं, तर हे 60 दिवस सुरूच होत नाहीत. नकार द्यायचा पण सापडायचं नाही, अशी ही युक्ती आहे. म्हणून गोड बोलून परत पाठवणाऱ्यापासून जास्त सावध राहा. शिवी देणारा निदान ओळखू येतो.

तेव्हा पुढच्या खेपेपासून असं करायचं. एकट्यानं जायचं नाही, तिघं जायचं, त्यात एक बाई आणि एक लिहिता येणारं पोरगं. अर्जाच्या दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच उठायचं. "पोच देत नसतो," म्हणाले तर तिथंच बसायचं आणि "देत नसतो हे लिहून द्या," म्हणायचं. अर्ज घेतलाच नाही तर पोस्टानं रजिस्टर करायचा, पावती जपायची. फाइल कुठं आहे ते सांगत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डवाल्याला तेही लागत नाही. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि प्रत्येक वाडीनं एक वही करायची. दोनशे पानी, बाजारात मिळते ती. त्यात तारीख, कोणत्या कामाला गेलो, कोण कोण होतो, कोणत्या टेबलावर काय बोलणं झालं ते शब्दाला शब्द, आणि खाली तिघांच्या सह्या किंवा अंगठे. "ए बाबा" म्हणाले तर "ए बाबा" लिहायचं, सुधारून लिहायचं नाही. साहेब चांगलं बोलले, खुर्ची दिली, काम केलं, तर तेही लिहायचं. तशीही माणसं आहेत आणि त्यांची नोंद राहिली पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना वही सोबत आणा. ज्या वाडीत लिहिणारं कोणी नाही त्यांनी शेजारच्या वाडीतलं पोरगं धरावं. पोच मिळालेल्या प्रती वहीला खळीनं चिकटवू नका, कसर लागते. दाभणानं दोऱ्यात ओवून ठेवा.